अटीबाहेरच्या ओळी : प्रस्तावना

आर्थिक वर्ष संपलं की मार्च महिन्याच्या व्यवहारांचा गोषवारा मागितला जातो. डेटाबेसवर बसलेला माणूस व्यवहारांच्या टेबलवर एक साधी क्वेरी टाकतो: ज्यांचा दिनांक '२०२४-०३-०१' आणि '२०२४-०३-३१' यांच्या 'बिटवीन' आहे त्या ओळी दे. ओळी येतात, बेरीज होते, अहवाल साहेबांकडे जातो. पण त्या कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही नोंदलेली असेल, तर नुसत्या '२०२४-०३-३१'चा अर्थ डेटाबेसच्या लेखी '३१ मार्चचा दिवस सुरू झाला तो क्षण' एवढाच होतो. त्यानंतर दिवसभरात झालेला एकूण एक व्यवहार अटीबाहेर पडतो. त्या वर्षी ३१ मार्चला रविवार होता आणि तरीही सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेने सांगून उघड्या ठेवल्या होत्या, कारण वर्षअखेरीची जमा-खर्चाची कामं त्याच दिवशी उरकायची असतात. अहवालातून गळतो तो नेमका हा दिवस. स्क्रीनवर लाल अक्षरात काही उमटत नाही. बेरीजही बरोबर असते, फक्त कमी ओळींची असते.

हे पुस्तक एसक्यूएलमधल्या अटींविषयी आहे. डेटाबेसमध्ये लाखो ओळी असतात, त्यांतल्या कामाच्या तेवढ्या निवडायच्या असतात आणि ही निवड 'व्हेअर' या शब्दानंतर लिहिलेल्या अटीवर ठरते. बहुतेक पुस्तकांत हा भाग दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात उरकून लेखक जॉइनकडे वळतो. माझ्या मते याच भागाला आख्खं पुस्तक द्यायला हवं. क्वेरीत स्वल्पविराम चुकला तर डेटाबेस तिथल्या तिथे अडवतो. अट चुकली तर तो ती निमूटपणे चालवतो. आलेल्या ओळी डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्या आपण तपासतो. न आलेल्या ओळी कुणाच्याच समोर नसतात, त्यामुळे त्यांची आठवणही होत नाही. अट लिहिणाऱ्याने या दुसऱ्या ओळींची चौकशी करायला शिकावं, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी मैदान आखून घेतो. अट म्हणजे प्रत्येक ओळीला लावून पाहायचं एक विधान. रक्कम ५००० पेक्षा जास्त आहे, जिल्हा या चारपैकी एक आहे, नाव अमुक अक्षराने सुरू होतं, या विद्यार्थ्याची दुसऱ्या टेबलमध्ये निदान एक नोंद आहे: तुलना, यादी, नमुना आणि अस्तित्व हे अटींचे मूळ प्रकार एवढेच. 'अँड', 'ऑर' आणि 'नॉट' यांनी ती विधानं जोडली जातात. हे जोडकाम जॉर्ज बूल यांनी १८५४च्या ग्रंथात बीजगणितासारखं मांडलं. 'नॉट' कंसाच्या आत शिरताना 'अँड'चं 'ऑर' कसं होतं, हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले होते.

जोडकाम दिसतं सोपं, पण बोलीतलं वाक्य आणि डेटाबेसचं वाक्य इथेच वेगळं होतं. 'जिल्हा पुणे ऑर जिल्हा सातारा अँड वर्ष २०२३' असं लिहिलं, की माणूस ते दोन्ही जिल्ह्यांचं २०२३ असं वाचतो. डेटाबेस 'अँड' आधी बांधतो. त्यामुळे पुण्याची सगळी वर्षं येतात आणि साताऱ्याचं फक्त २०२३. दोन कंस घातले की प्रश्न मिटतो, पण प्रश्न आहे हे आधी कळायला हवं.

अट कुठे लिहिली आहे, यालाही अर्थ असतो. 'व्हेअर'मधली अट गट पाडण्याआधी लागते, 'हॅविंग'मधली गट पडल्यावर, आणि 'ऑन'मधली दोन टेबलं जोडताना. सगळे विद्यार्थी हवेत आणि ज्यांची हजेरी नोंदली आहे त्यांची हजेरीही हवी, म्हणून 'लेफ्ट जॉइन' करावा आणि मग 'व्हेअर'मध्ये 'हजेरीचा महिना = जून' लिहावं, की हजेरीच नसलेले विद्यार्थी सरळ नाहीसे होतात. तीच अट 'ऑन'मध्ये नेली की ते परत येतात. एकच ओळ चार इंच वर सरकवायची असते आणि यादीतली माणसं बदलतात.

या विचाराला इथवर यायला काय काय घडावं लागलं, ते जाणून घेण्यासारखं आहे. १९६०च्या दशकात आयबीएमची आयएमएस ही प्रणाली माहिती झाडासारखी, वरून खाली मांडायची. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडवलेली आयडीएस आणि पुढे कोडासिलच्या समितीने आखलेली पद्धत माहिती जाळ्यासारखी मांडायची. दोन्हींत प्रोग्रामरला एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर दुव्यादुव्याने चालत जावं लागे. बाकमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी भाषणात प्रोग्रामरला खलाशाची भूमिका दिली होती: माहितीच्या समुद्रात वाट काढणारा. अट तेव्हाही होती, पण ती त्या प्रवासाच्या आत, फेऱ्यांच्या पोटात दडलेली होती. साठवण्याची रचना बदलली की प्रवासाचा मार्ग मोडायचा आणि अटही पुन्हा लिहावी लागायची.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी वेगळं काही सुचवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमानं चालवलेला हा गणिती. त्यांचं म्हणणं असं, की माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि वापरणाऱ्याला फक्त काय हवं ते तर्काच्या भाषेत सांगू द्या. कसं शोधायचं ते यंत्राने ठरवावं. अट पहिल्यांदाच प्रवासापासून सुटी झाली. कॉड यांच्या चर्चासत्रात बसलेले डॉन चेंबरलिन पुढे सांगत, की ज्या प्रश्नांसाठी जुन्या पद्धतीने पाच-पाच पानी प्रोग्राम लागायचे, ते कॉड एका ओळीत लिहून दाखवायचे. १९७४ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कॉड आणि बाकमन यांचा समोरासमोर वाद झाला. त्याच परिषदेत चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा मांडली.

चेंबरलिन-बॉइस जोडीने त्याआधी 'स्क्वेअर' नावाची भाषा केली होती, पण तिच्यात अक्षरांच्या पायाशी छोटी अक्षरं लिहावी लागत आणि ती त्या काळच्या कीबोर्डवर टाइपच होत नसत. 'सीक्वेल'मध्ये त्यांनी साधे इंग्रजी शब्द घेतले, कारण प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही विचारता यावं ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. बॉइस त्याच वर्षी अकाली गेले. पुढे 'सीक्वेल' हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या मालकीचं निघालं आणि भाषा एसक्यूएल झाली.

प्रतिस्पर्धी होते, आणि तेही तोलामोलाचे. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांच्या 'इंग्रेस'ची 'क्वेल' ही भाषा कॉड यांच्या तर्काला अधिक प्रामाणिक होती. आयबीएममध्येच मोशे झ्लूफ यांनी 'क्वेरी बाय एक्झाम्पल' केलं: रिकामं टेबल समोर येतं, हवी ती किंमत त्या रकान्यात भरायची, तीच अट. स्प्रेडशीटमध्ये कॉलमच्या डोक्यावरचा बाण दाबून आपण जी छाननी करतो, तिच्यात याच विचाराची आठवण आहे. बाजाराने मात्र एसक्यूएल उचललं. १९७९ साली ऑरॅकल विक्रीला आलं, १९८३ साली आयबीएमचं डीबी-टू आलं, १९८६ साली अमेरिकी प्रमाणसंस्थेने एसक्यूएलला प्रमाण ठरवलं. इंग्रेसच्याच वंशातल्या पोस्टग्रेसनेही १९९०च्या दशकाच्या मध्यात एसक्यूएल स्वीकारलं.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा वाद अजून मिटलेला नाही. रकाना रिकामा असेल तर अटीचं काय करायचं?

रिकाम्या रकान्याला एसक्यूएल 'नल' म्हणतं. जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या टेबलमध्ये तालुका नोंदलेलाच नाही अशा ओळीला 'तालुका = मोखाडा' हे विधान लावलं, तर ते खरंही नाही आणि खोटंही नाही; ते 'अज्ञात' आहे. यान वुकाशेविच यांनी १९२० साली मांडलेल्या त्रिमूल्य तर्कशास्त्राचीच ही वाट. 'व्हेअर' फक्त खऱ्या ओळी आत घेतं, खोट्या आणि अज्ञात दोन्ही बाहेर ठेवतं. म्हणून 'तालुका = मोखाडा' आणि 'तालुका <> मोखाडा' या दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी आख्खा जिल्हा होत नाही. तालुका न नोंदलेली मुलं दोन्हीकडून सुटतात.

याहून घातक प्रकार जवळून पाहा. ज्यांना शिष्यवृत्ती मिळालेली नाही असे विद्यार्थी शोधायचे आहेत. स्वाभाविकपणे लिहिलं जातं: विद्यार्थी क्रमांक 'नॉट इन' वाटपाच्या टेबलमधले क्रमांक. समजा, वाटपाच्या टेबलमध्ये ३, ५ आणि एका ओळीत चुकून 'नल' आहे. आता ७ क्रमांकाच्या मुलीची तपासणी होते. ७ हा ३ नाही, खरं. ७ हा ५ नाही, खरं. ७ हा 'नल' नाही, अज्ञात. खरं अँड खरं अँड अज्ञात याचं उत्तर अज्ञात. मुलगी बाहेर. आठ क्रमांकाचा मुलगा, बाहेर. नऊ, बाहेर. क्वेरीचं उत्तर येतं शून्य ओळी, आणि शून्य ओळींचा अर्थ वाचणारा लावतो: एकही विद्यार्थी वंचित नाही. वाटपाच्या नोंदीतला एक रिकामा रकाना हे सगळं घडवतो. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं तर हे घडत नाही, आणि का घडत नाही हे समजून घेण्यासाठी या पुस्तकाने बराच वेळ दिला आहे.

कॉड यांनी १९७९च्या लेखात या तिसऱ्या मूल्याचं समर्थन केलं. १९९०च्या ग्रंथात ते आणखी पुढे गेले आणि 'आहे पण माहीत नाही' व 'लागूच नाही' असे दोन रिकामेपणे वेगळे करून चौथं मूल्य मागू लागले. त्यांचेच सहकारी आणि भाष्यकार ख्रिस डेट उलट बाजूला उभे राहिले. डेट आणि ह्यू डार्वेन यांच्या मते 'नल'ला कॉड यांच्या टेबलांच्या प्रतिमानात जागाच नको. माहिती नसेल तर टेबलांची मांडणी बदला. एसक्यूएल स्वतः इथे सुसंगत नाही. तेच अज्ञात उत्तर 'व्हेअर'मध्ये ओळीला बाहेर काढतं, पण 'चेक' या बंधनात आत घेतं. ऑरॅकल तर रिकाम्या मजकुरालाच 'नल' समजतं. तर्काच्या कसोटीवर डेट यांची बाजू मला भक्कम वाटते. पण आपल्याकडचे अर्ज ज्या परिस्थितीत भरले जातात ती पाहता रिकामे रकाने राहणारच, म्हणून 'नल'शी दोन हात करायला शिकणं मला जास्त गरजेचं वाटतं.

अट योग्य असली तरी ती वेळेत चालली पाहिजे. त्याचा पाया आयबीएमच्या पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली घातला. अटीतून किती ओळी निघतील याचा आधी अंदाज करायचा आणि त्यावरून सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा. काहीच माहिती नसेल तर बरोबरीच्या अटीतून दहातली एक ओळ निघेल आणि मोठं-लहान अशा अटीतून तीनातली एक, असे त्यांचे ठोकताळे होते. हवी ती ओळ पटकन सापडावी म्हणून रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांची बी-ट्री इंडेक्सच्या रूपात हाताशी होतीच. म्हणून दिनांकावर इंडेक्स असताना 'इयर(दिनांक) = २०२४' असं लिहिणं महाग पडतं: दिनांकाला फंक्शनमध्ये गुंडाळलं की साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. '२०२४-०१-०१ पासून, २०२५-०१-०१च्या आधी' असं लिहिलं की वेगही मिळतो आणि शेवटचा दिवसही गळत नाही.

२००४ ते २००७ या काळात गूगलचे मॅपरिड्यूस व बिगटेबल आणि ॲमेझॉनचं डायनॅमो यांचे शोधनिबंध आले आणि एसक्यूएलचे दिवस भरले असं बोललं गेलं. ते खरं ठरलं नाही. हडूपवर हाइव्ह आलं, गूगलच्या स्पॅनरला एसक्यूएल मिळालं, ॲमस्टरडॅममध्ये डकडीबी घडलं. नव्या स्तंभवार साठवणीत तर प्रत्येक तुकड्याची किमान आणि कमाल किंमत लिहून ठेवतात आणि अट पाहून कुठले तुकडे उघडायचेच नाहीत ते ठरवतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक विषय मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही, म्हणून तो इथे सविस्तर घेतला आहे. 'बोऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा नेहमीचा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बरोबरीच्या चिन्हाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. एका केंद्रावर एका कीबोर्डने नाव भरलं गेलं, दुसऱ्या केंद्रावर दुसऱ्या कीबोर्डने शोधलं गेलं, तर खिडकीपाशी उभ्या माणसाला 'तुमची नोंद नाही' असं ऐकावं लागतं. 'लाइक'मधलं एका अक्षरासाठीचं '_' हे चिन्हही आपल्या अक्षराला अक्षर मानत नाही. 'राम' त्याला तीन चिन्हांचा वाटतो आणि 'श्री' चार. नावांवर अट लावण्याआधी ती एका साच्यात कशी आणायची, याची पूर्ण पद्धत आम्ही दिली आहे.

आज हे सगळं शिकण्याची निकड का? कारण क्वेरी लिहिणं यंत्रं करू लागली आहेत. साध्या भाषेत प्रश्न टाका, वीस ओळींची नेटकी क्वेरी समोर येते. तिचं व्याकरण बहुधा निर्दोष असतं. पण तालुका रिकामा असलेली मुलं मोजायची की नाहीत, हे यंत्राला ठाऊक नसतं, आणि विचारणाऱ्यालाही हा प्रश्न सुचलेला नसतो. लिहिण्यापेक्षा वाचून पारखण्याचं कौशल्य आता जास्त लागणार आहे. दुसरं कारण सुरक्षिततेचं. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर सरळ अटीत चिकटवला, तर तो 'ऑर १ = १' असं काही भरून आख्खं टेबल उघडू शकतो. ही युक्ती १९९८पासून जगजाहीर आहे आणि पॅरामीटर वापरणं हा तिच्यावरचा उपायही तेवढाच जुना, तरी हे दार आजही उघडं सापडतं. उलट दिशेने, पोस्टग्रेसमध्ये २०१६पासून अट टेबललाच बांधून ठेवता येते: सामान्य वापरकर्त्याने काहीही विचारलं तरी त्याला त्याच्या हक्काच्याच ओळी दिसतात.

पुस्तकाच्या रचनेला एका कामाची मोठी प्रेरणा आहे. पवईच्या आयआयटीत एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एक्सडेटा' ही प्रणाली विकसित केली. बरोबर क्वेरी आणि किंचित चुकलेली क्वेरी यांची उत्तरं वेगळी येतील असा छोटासा डेटा ती तयार करते. सिल्बरशात्स आणि कोर्थ यांच्यासह सुदर्शन यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक अनेकांनी अभ्यासलेलं असेल. मला मात्र ही कल्पना त्याइतकीच मोलाची वाटते. आमच्या प्रत्येक स्वाध्यायाला म्हणूनच दोन टेबलं आहेत. पहिल्यावर चुकीची अटही बरोबर उत्तर देते. दुसऱ्यावर ती उघडी पडते.

जॉइनचे सगळे प्रकार, डेटाबेसची रचना, प्रशासन हे इथे नाही. त्यासाठी चांगली पुस्तकं आहेत. इथे एक सवय लावण्याचा प्रयत्न आहे. कुठलीही अट लिहिली की तीन आकडे काढायचे: अट खरी असलेल्या ओळी, 'नॉट' लावल्यावर खऱ्या ठरणाऱ्या ओळी आणि अट 'इज नल', म्हणजे अज्ञात, ठरणाऱ्या ओळी. तिन्हींची बेरीज टेबलच्या एकूण ओळींएवढी भरली पाहिजे, आणि तिसरा आकडा शून्य नसेल तर त्या ओळी उघडून, वाचून पाहायच्या. ऑरॅकलवर काम करणाऱ्यांना तिसरा आकडा थोड्या वेगळ्या तऱ्हेने काढावा लागतो, तो मार्ग त्या त्या ठिकाणी दिला आहे.

स्वाध्यायांसाठी एसक्यूलाइट निवडलं आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, फुकट मिळतो आणि नेटवर्क नसलेल्या गावातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्याचं आणि पोस्टग्रेसचं जिथे पटत नाही तिथे दोन्ही उत्तरं दिली आहेत. टेबलांमधली गावं खरी आहेत, माणसं आणि रकमा कल्पित. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापली आहेत. प्रत्येक उत्तरात आधी अटीबाहेर राहिलेल्या ओळींची संख्या आहे आणि मग क्वेरी. तुमची संख्या जुळली नाही तर क्वेरी पाहण्याची घाई करू नका, आधी त्या ओळी काढून पाहा.